हिमालयातलं जिरं

चहा घ्या हातात, पण घोट जरा जपून घ्या. हा किस्सा मागच्या वेळी सांगितला तेव्हा माझ्या साडूनं माझ्याच शर्टावर चहा उडवला होता. आणि हसायचं असेल तर माझ्यावर पोटभर हसा, माझी काही हरकत नाही. सासूबाईंवर मात्र कोणी हसायचं नाही. का, ते ओघात कळेलच.

तर माझा एक गुण तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मला सगळं माहीत असतं. ऑफिसात फाइल उघडायच्या आधीच तिच्यात काय आहे ते मला माहीत. मेट्रोत शेजारचा माणूस रस्ता विचारायला तोंड उघडतो, तर त्याला कुठं जायचंय ते त्याच्याआधी मला माहीत. मेधा, म्हणजे माझी बायको, म्हणते, 'सतीश, तुला न्यायला यमराज आला ना, तरी तू त्याला पुढं होऊन रस्ता दाखवशील.'

असा माणूस मयूर विहारच्या फ्लॅटच्या बाल्कनीत चार कुंड्या लावतो, तेव्हा बिल्डिंगमध्ये काय होणार? तो झाडांमधला तज्ज्ञ ठरतो. कोणाचं मनीप्लांट पिवळं पडलं की बोलवा सतीशजींना. मी जायचो, पानाला हात लावायचो, 'पानी ज़्यादा हो रहा है' म्हणायचो. नव्वद टक्के वेळा पाणीच जास्त झालेलं असतं, यार. उरलेल्या वेळा मी म्हणायचो, 'पानी कम हो रहा है.'

आता जरा गंभीर गोष्ट. त्या वर्षी माघात आमचे सासरे, अण्णा, गेले. उन्हाळ्याच्या शेवटी मेधा सांगलीला गेली आणि आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दिल्लीला घेऊन आली. आई आल्या, पण त्यांची भूक काही त्यांच्याबरोबर आली नाही. मूठभर भात, त्यावर ताक, झालं जेवण. 'चव लागत नाही गं,' एवढंच म्हणायच्या. ब्लाउज सैल व्हायला लागले तेव्हा मेधानं ते उसवून परत शिवले आणि शिवताना ती रडली, हे मी दारातून पाहिलं.

मग आली कांदानवमी. आमच्या घरी हा सण दिवाळीच्या बरोबरीचा, कारण मी कांद्याशिवाय पाणीसुद्धा नाइलाजानं पितो. चातुर्मास सुरू व्हायच्या आधी एकदा कांदा खाऊन घ्यायचा, अशी आपली पद्धत. आम्ही चातुर्मास पाळत नाही, पण नवमी कटाक्षानं पाळतो. भजी, थालीपीठ, झुणका, सगळं केलं. आईंनी एक भजं उचललं, त्याच्याकडं पाहिलं आणि परत ताटलीत ठेवलं. म्हणाल्या, 'यांना काठाला करपलेलं आवडायचं.' त्या दिवशी भजी उरली. आमच्या घरात भजी उरणं म्हणजे काय, ते तुम्ही समजून घ्या.

दोन दिवसांनी एकादशी. आईंचा चातुर्मास अगदी कडक, कांदा नाही, लसूण नाही, कार्तिकीपर्यंत. लग्न झाल्यापासून एकही वर्ष चुकलेलं नाही. आमच्या भाजीत कांदा असायचा, म्हणून त्या आपलं वेगळं शिजवायच्या आणि आम्ही ऑफिसला गेलो की एकट्या जेवून घ्यायच्या. जेवून म्हणजे काय, ताक-भात. मेधा रोज रात्री मला म्हणायची, 'सतीश, या चार महिन्यांत आई संपेल.' मी म्हणायचो, 'काही होत नाही, मला माहीत आहे.' मला काय माहीत होतं, डोंबल?

आणि इथं किस्सा सुरू होतो.

आमच्या वरच्या मजल्यावर बिष्टभाभी राहतात, मूळच्या पिथौरागढकडच्या. त्यांच्या मुलीचं बाळंतपण बंगळुरूला होतं, दोन महिन्यांसाठी निघाल्या होत्या. बॅगा लिफ्टमध्ये, त्या लिफ्टच्या दारात, आणि माझ्या हातात त्यांनी एक मोठी कुंडी दिली. कुंडीत गवतासारखी लांब, चपटी, हिरवीगार पाती.

'भाईसाहब, ये हमारे पहाड़ का है। जंगल में उगता है। बारिश में इतने सुंदर सफ़ेद फूल आएँगे कि आप देखते रह जाओगे। और इसके पत्ते...'

'मालूम है, भाभीजी.'

'अच्छा? आपको मालूम है?' त्यांचा चेहरा उजळला. 'यहाँ तो कोई जानता ही नहीं। तो ये डिब्बी भी रखो, सूखे पत्ते हैं। दाल में जीरे की जगह, घी गरम करके...'

'बिल्कुल, बिल्कुल.'

'और काटते रहना, नहीं तो बहुत फैलता है। असल में ये है ना...'

लिफ्टचं दार बंद झालं. असल में ते काय आहे, हे लिफ्टबरोबर खाली गेलं.

खरं सांगतो, मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. पण 'जीरे की जगह' एवढं मी ऐकलं होतं ना? माणूस जिऱ्याच्या जागी काय घालेल? जिऱ्यासारखंच काहीतरी घालेल. म्हणजे हे जिऱ्याच्या कुळातलं. पहाडावरचं. झालं, दार उघडून घरात येईपर्यंत मी त्याचं बारसं करून टाकलं होतं.

पुढच्या रविवारी आई स्वतःची आमटी करत होत्या आणि घरातला हिंग संपला होता. मी ऐटीत डबी पुढं केली.

'आई, हे घाला.'

'काय आहे हो, जावईबापू?'

'हिमालयातलं जिरं.'

'पानासारखं दिसतंय.'

'तिकडं थंडीमुळं तसंच येतं.'

तुम्ही हसताय, पण मी हे अगदी शांतपणे म्हणालो. आईंनी साजूक तुपात चिमूटभर टाकलं. चर्र झालं आणि म्हणे घरभर वास सुटला. म्हणे अशासाठी, की दिल्लीच्या हवेत इतकी वर्षं काढल्यावर माझं नाक फक्त चष्मा टेकवायला उरलं आहे. आईंनी मात्र डोळे मिटून वास घेतला. 'हिंगासारखं आहे, पण हिंग नाही. छान आहे हो.'

मेधा आतून आली. 'लसणीचा वास कुठून येतोय?'

'हिंगाचा असाच येतो.'

'पण हा हिंग नाहीये ना?'

'म्हणूनच थोडा वेगळा येतोय.'

'बिष्टभाभींना फोन करून विचार एकदा.'

'त्यांची मुलगी दवाखान्यात, आणि मी जिऱ्यासाठी फोन करू? शोभतं का?'

मेधा पुढं बोलणार होती, पण तेवढ्यात आईंनी आमटीभाताचा पहिला घास खाल्ला. मग दुसरा. मग ताट पुसून घेतलं आणि म्हणाल्या, 'मेधा, अजून थोडा भात आहे का गं?'

मेधा भात आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. मी जाऊन पाहिलं तर ओट्याला टेकून डोळे पुसत होती. मला म्हणाली, 'जिरं आहे. जिरंच आहे. तू म्हणतोस ते बरोबर.' लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. ते ऐकल्यावर माणूस फोन करेल का, तुम्हीच सांगा.

तिथून पुढं आमची गाडी उतारालाच लागली. रोज आमटीला हिमालयातलं जिरं. डबी संपली, तर मी कुंडीतली पाती कात्रीनं कापून, पंख्याखाली सुकवून नवी डबी भरली. गंमत म्हणजे कापाल तितकं जोमानं वाढायचं ते. श्रावणात त्याला फुलं आली. काय फुलं, वा! लांब देठावर पांढऱ्या चांदण्यांचा गेंद. आईंना ती फार आवडली. रोज सकाळी दोन गेंद देवघरातल्या बाळकृष्णाला जायला लागले. 'देठाला जरा उग्र वास आहे,' त्या म्हणाल्या. मी म्हणालो, 'रानफूल आहे, आई. बर्फाखालून आलेलं.'

बर्फाखालून. मी असं म्हणालो.

आईंच्या गालांवर तजेला आला. संध्याकाळी त्या खाली बागेत जाऊन बसायला लागल्या, तिथं त्यांना आपल्या भजनी मंडळाच्या बायका भेटल्या. त्यांच्यात गोखलेकाकू मुख्य. वाणी खणखणीत, सोवळं त्याहून खणखणीत. आईंनी त्यांना जावयाच्या जिऱ्याचं कौतुक सांगितलं. गोखलेकाकू डबी घेऊन गेल्या. मग बाकीच्यांनी डब्या नेल्या. मला बागेत थांबवून बायका विचारायच्या, 'हे कशासाठी चांगलं असतं हो?' आणि मी सांगायचो. पचनाला, गुडघ्याला, झोपेला. ऋषीमुनी वापरायचे, हेसुद्धा मीच सांगितलं. ऋषीमुनींचं नाव कशाला घ्यायचं होतं मला? पण सुटलो की मी सुटतो.

श्रावणातल्या शेवटच्या रविवारी भजन आमच्या घरी ठेवलं. आईंनी स्वतः सांगितलं, 'सगळ्यांना जेवायला बोलवा. मी आमटी करते.' दोन महिन्यांपूर्वी घासभर न खाणारी बाई पंधरा जणींची आमटी करायला पदर खोचून उभी होती. मेधा नुसती तिच्याकडं पाहत होती. मी बाल्कनीतून मूठभर ताजी पाती कापून दिली, चिरून वरून घालायला. कोथिंबिरीसारखी.

भजन झालं. पानं वाढली. गोखलेकाकूंनी तिसऱ्यांदा भात घेतला आणि म्हणाल्या, 'काय हो सतीशराव, कांदा-लसणीशिवाय ही चव? लोक उगीच म्हणतात बिनकांद्याचं सपक लागतं.' मी मान झुकवून कौतुक स्वीकारलं.

आणि दाराची बेल वाजली.

बिष्टभाभी. हातात मिठाईचा डबा. 'भाईसाहब, नातिन हुई है!' असं म्हणत आत आल्या आणि दोन पावलांवर थांबल्या. त्यांनी मोठा श्वास घेतला. बघता बघता त्यांचे डोळे भरले.

'इतने साल हो गए दिल्ली में,' त्या म्हणाल्या, 'किसी और के घर से ये ख़ुशबू आज पहली बार आई है। मेरी माँ की रसोई की ख़ुशबू है ये।'

मी म्हणालो, 'सब आपकी कृपा है.'

'और आप सबको पसंद भी आया? यहाँ तो जिसको दो, वो बोलता है, जंगली प्याज़ कौन खाएगा।'

पंधरा बायका एका वेळी गप्प बसल्या, तर फ्रिजचा आवाज किती मोठा येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

गोखलेकाकूंचा घास हातातच राहिला. 'क्या बोला आपने? प्याज़?'

'हाँ जी, प्याज़ ही है। हमारा जंगली वाला।' भाभी अगदी निरागसपणे म्हणाल्या. 'थोड़ा लहसुन भी समझ लो।' मग त्यांची नजर देवघराकडं गेली. 'अरे, आपने तो भगवान को भी चढ़ाया!'

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. मी आयुष्यात कधी न म्हटलेलं वाक्य म्हणालो. 'मला माहीत नव्हतं.'

इतका बारीक आवाज आला, की मलाच वाटलं दुसरं कोणी बोललं.

'माहीत नव्हतं?' गोखलेकाकू म्हणाल्या. 'गुडघ्याला चांगलं असतं हे माहीत होतं. ऋषीमुनींचं माहीत होतं. आणि कांदा आहे हे माहीत नव्हतं? अहो, सगळ्यांचं व्रत मोडलंत तुम्ही!'

मी आईंकडं पाहिलं. खरं सांगतो, मला गोखलेकाकूंची भीती नव्हती. त्या ओरडणार आणि विसरणार. मला भीती होती ती एकाच गोष्टीची. आई आता ताट सरकवतील, आणि परत तो ताक-भात सुरू होईल. कदाचित तोही होणार नाही. मेधाचा चेहरा पांढरा पडला होता, तिच्याही मनात तेच होतं.

आई उठल्या. हात धुतला. देवघरासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आम्हाला नुसती त्यांची पाठ दिसत होती. मग त्या परत आल्या आणि गोखलेकाकूंसमोर बसल्या.

'गोखलेबाई,' त्या म्हणाल्या, 'हे गेल्यापासून मला अन्न गोड लागत नव्हतं. पोरीनं काय काय केलं, पण घास उतरायचा नाही. या माणसानं मला जेवायला घातलं. त्याला कळलं नाही, मला कळलं नाही. आणि देवाला कळत होतं तर तो रोज फुलं कशी घेत होता, ते आत्ता त्याला विचारून आले. तो काही बोलला नाही. मग आपण कशाला बोलायचं?'

गोखलेकाकूंनी हातातल्या घासाकडं पाहिलं. तो त्यांनी खाल्ला की ठेवला, हे मी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण सांगणार नाही.

मग आई बिष्टभाभींकडं वळल्या. आईंचं हिंदी तुम्हाला माहीत आहे. भाभींचा हात धरून म्हणाल्या, 'आप बैठो. आपके जंगल ने मेरे को खाना खिलाया. हम चार महिना कांदा नहीं खाते, इसलिए अभी बंद. कार्तिकी के बाद मैं फिर से खाएगी.' भाभी रडायला लागल्या, मेधा तर आधीपासूनच रडत होती, आणि गोखलेकाकूंनी मिठाईचा डबा उघडून त्यात कांदा नाही ना, हे विचारून घेतलं.

मी सुटलो, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं.

सगळ्या गेल्यावर आईंनी मला समोर बसवलं. 'जावईबापू, एक सांगते. तुमचे सासरे माझ्याबरोबर चातुर्मास पाळायचे आणि दर गुरुवारी पेठेत जाऊन कांदाभजी खाऊन यायचे. वर बडीशेप चघळत यायचे. मला दरवर्षी कळायचं. मी कधी बोलले नाही. का, माहीत आहे?'

'माहीत... नाही.'

'कारण तेवढं सोडलं तर ते रोज माझ्याबरोबर, माझ्यासारखं जेवायचे. एकटीनं सपक खायला लावलं नाही त्यांनी मला कधी. तेव्हा तुमचं प्रायश्चित्त असं. उरलेला चातुर्मास तुम्ही पाळायचा. रोज रात्री माझ्याबरोबर बसायचं. आणि गुरुवारी भजी खायला जायचं नाही. माझं नाक शाबूत आहे.'

मला कुठं तोंड लपवावं कळेना. इतके दिवस ही बाई आमच्या घरात एकटी जेवत होती, आणि आम्ही भूक कुठं गेली ते शोधत होतो.

त्या रात्रीपासून आमचं पान एकत्र पडायला लागलं. आमटीला साधा हिंग. मेधा श्वास रोखून बघत होती. आई जेवल्या. दुसऱ्या दिवशीही जेवल्या. अण्णांच्या भज्यांच्या गोष्टी सांगत, हसत, दोन वेळा भात घेऊन जेवल्या.

माझं काय विचारता? ऑफिसखालचा छोले-कुलचेवाला कांदा टाकायला हात उचलायचा आणि मी घाबरून त्याचा हात धरायचो. तो म्हणायचा, 'सर, तबीयत ठीक है?' बाल्कनीत कांदा असा मस्त पिकला होता, आणि मी त्याला फक्त पाणी घालत होतो. पण तक्रार कसली करता? त्या कांद्याचे, बिष्टभाभींचे आणि आईंचे उपकार माझ्यानं या जन्मी फिटणार नाहीत. भाभींची कुंडी मी परत करायला गेलो, तर त्यांनी ती घेतली नाही. 'अब वो आपके घर की है,' म्हणाल्या.

कार्तिकी झाली. द्वादशीला आईंनी स्वतः बाल्कनीत जाऊन पाती कापली. तुपात टाकली, चर्र झालं. मी ताट वाढायच्या आधीच जाऊन बसलो होतो. संध्याकाळी तुळशीचं लग्न, त्यासाठी गोखलेकाकूही आलेल्या. तेवढ्यात बेल वाजली. दारात बिष्टभाभी, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली छोटी कुंडी. 'भाईसाहब, आज के दिन ये आपके लिए.'

पण मी आता पूर्वीचा राहिलो नव्हतो. मी हात मागं घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, 'भाभीजी, पहले बताइए ये क्या है. खाने का है कि पूजा का? इसमें प्याज़-लहसुन तो नहीं?'

भाभींनी माझ्याकडं पाहिलं. कागद बाजूला केला.

'भाईसाहब,' त्या हळूच म्हणाल्या, 'ये तुलसी है।'

मागून गोखलेकाकूंचा ठसका ऐकू आला. आणि आई म्हणाल्या, 'हसू नका गं. विचारलं त्यानं. केवढी प्रगती आहे.'